होडीची मोटार आणि घरची बाई

भगिनींनो, सातपाटी, मुरबे, तारापूरकडील मोठ्या बोटींच्या पोटात इंजिन असते. लहान होडीला मात्र मोटार मागे बाहेरून लावतात. ती जुनी झाली, की नवी कोणती घ्यावी हा विचार घरात सुरू होतो. हा प्रश्न पुरुषांचाच, असे आपण समजतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी अशी मोटार विक्रीस आणली. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन सुमारे २८ किलो. यंत्र त्यांनी घडविले. पण धंद्याचा कारभार त्यांच्या पत्नी बेस यांनी सांभाळला. वल्ह्यांचे कष्ट आता पुरेत, अशा अर्थाची जाहिरातही त्यांनीच लिहिली. बेस यांची प्रकृती ढासळल्यामुळे १९१४ साली धंदा विकावा लागला. तरी १९२१ साली दोघांनी पुन्हा उभे राहून ॲल्युमिनियमची हलकी मोटार काढली. एव्हिनरूड हे नाव शंभर वर्षे गाजले. २०२० साली त्या मोटारींचे उत्पादन थांबले.

तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये. सुटे भाग व कारागीर जवळ मिळतात का, हे आधी विचारावे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो; लांब पडला तर उथळ खाडीत तळाला घासतो. गरजेपेक्षा मोठी मोटार होडीचा मागचा भाग दाबते आणि इंधनही जास्त पिते.

मासळीची पाटी विकून हप्ता फेडणार आपणच. मग मोटार ठरविताना आपणही शेजारी बसून चार प्रश्न विचारावेत, हेच योग्य.