दोन मेगाबाइट आणि उरलेला पसारा

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुतेकदा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो टंचाईचा इतिहास वाटतो.

1950च्या दशकात चुंबकीय कड्यांची कोअर मेमरी वेगवान होती, पण तारांत कड्या ओवून ती विणावी लागे. त्यामुळे ती महाग. फिरत्या ड्रमवर जागा स्वस्त मिळायची, पण तो मंद. मोठा प्रोग्राम कोअरमध्ये मावत नसे. मग प्रोग्रामरने त्याचे स्वतःच तुकडे पाडायचे. कोणता तुकडा केव्हा आणायचा, कोणाच्या जागी बसवायचा, हे आधीच लिहून ठेवायचं. याला ओव्हरले म्हणत. मेमरीचं माप बदललं की सगळा हिशेब पुन्हा मांडा.

ही हमाली यंत्रावर टाकली ती मँचेस्टर विद्यापीठातल्या टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फेरांटी कंपनीबरोबर बांधलेल्या त्यांच्या ‘अ‍ॅटलस’चं उद्घाटन 7 डिसेंबर 1962 रोजी झालं. त्यात कोअर होती 16,384 शब्दांची आणि ड्रम 98,304 शब्दांचे. (इथे शब्द म्हणजे 48 बिट.) प्रोग्रामला मात्र एकच मोठी, सलग मेमरी दिसायची. आत 512 शब्दांची पानं केलेली. अशी 32 पानं एका वेळी कोअरमध्ये राहत. हवं ते पान तिथे नसलं, की यंत्र प्रोग्राम थांबवून ते ड्रमवरून आणी.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. कारकुनाच्या मेजावर चार रुमाल मावत असतील आणि पाचवा हवा असेल, तर एक परत फडताळात ठेवावा लागतो. प्रश्न एवढाच, की कोणता? थोड्या वेळाने नेमका तोच लागला, तर खेप वाया. अ‍ॅटलसमध्ये कोणतं पान किती काळ पडून आहे, याची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम होता आणि त्यावरून तो अंदाज बांधायचा. माझ्या मते खरी करामत ही होती, मोठ्या मेमरीचा भास ही नव्हे.

यंत्राचा अंदाज माणसाच्या आखणीची बरोबरी करेल का, यावर साठच्या दशकात बराच वाद चालला. आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी 1966 मध्ये पानं काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. दुखणं वेगळंच निघालं. एकाच वेळी फार प्रोग्राम घेतले, की प्रत्येक जण दुसऱ्याची पानं बाहेर ढकलतो; मग यंत्र नुसती ने-आण करत राहतं, काम ठप्प. याला थ्रॅशिंग म्हणतात. 1968 मध्ये पीटर डेनिंग यांनी त्याचं कारण मांडलं: प्रत्येक प्रोग्रामला त्या घडीला लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो मावत नसेल, तर त्या प्रोग्रामला आत घेऊच नये. जुन्या संगणकावर काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. माझ्याकडच्या सेकंडहँड यंत्रावर माऊस गोठायचा आणि हार्ड डिस्क तेवढी घरघरत राहायची.

1991च्या अखेरीस हीच अडचण लिनक्सच्या वाट्याला आली. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे फक्त 2 मेगाबाइट मेमरी होती आणि तेवढ्यात त्याला कर्नल कंपाइल करता येईना. लिनस टोरवाल्ड्स यांनी नाताळच्या सुमारास पानं डिस्कवर टाकण्याची सोय लिहिली. जानेवारी 1992च्या 0.12 आवृत्तीत ती आली. मिनिक्समध्ये ती नव्हती. कमी मेमरीवाल्याच्या गरजेतून आलेल्या या सोयीने लिनक्सला अनेक नवे वापरकर्ते मिळवून दिले.

स्वॅपची जागाही भरली तर? तेव्हा लिनक्स चालू प्रोग्रामना गुण देतं. जो जास्त मेमरी खातो त्याचे गुण जास्त, आणि ज्याचे गुण जास्त त्याला मारलं जातं. यंत्र सांभाळणाऱ्याला एखाद्याच्या गुणांत फेरफार करता येतो. उणे 1000 लिहिलं, की त्या प्रोग्रामला हात लागत नाही. मग पाळी दुसऱ्या कोणाची तरी.