शेजाऱ्याची भाषा

१८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीच्या डब्यात, एका सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. गिरिप्रवचनाने टिळकांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु लाभलेले धन ज्यांना वाटावयाचे, ते आप्त आणि शेजारीच या कृत्याने दुरावले. लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

१८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’त आरंभीच्या काळी खंडनमंडनाचा सूर प्रबळ होता. वादात जिंकलेला शेजारी बहुधा मनाने हरवलेलाच असतो, हे टिळकांनी ओळखले असावे. त्यांनी अभंग आणि कीर्तन जवळ केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. म्हणूनच त्यांच्या अभंगाला वेषांतर म्हणणे अन्यायाचे होईल. तो त्यांच्या भक्तीचा मूळचाच उच्चार होता.

घरात मात्र काव्यानेही भागले नाही. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार स्वतःशीच केला, सोवळे सोडले, आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी हे सारे हसतखेळत सांगितले आहे, उपदेशाचा त्यात लवलेश नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही स्थान होते. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.