आगीनंतर घरात उरणारा धूर

पुण्याहून सोलापूरकडे जाताना यवतच्या अलीकडे लागणारे कासुर्डी हे दौंड तालुक्यातील ऊसपट्ट्यातले गाव. तेथील माणसाला धुराचा वास नवा नाही. तोडणीनंतर पेटवलेले पाचट, गुऱ्हाळाचे चुलाण, पहाटेचा बंब यांचा धूर वाऱ्याबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. घराला लागलेल्या आगीचा वास मात्र असा निघून जात नाही. आग विझून महिने लोटतात, भिंतींना नवा रंग चढतो आणि मृगाच्या पहिल्या सरीने हवा दमट झाली, की तोच जळका दर्प पुन्हा घरभर पसरतो. गावाकडचे घर बंद ठेवून शहरात राहणाऱ्या कुटुंबांना तर कुलूप उघडताच त्याची गाठ पडते.

बंद घरात धुराला बाहेर पडायला वाट नसते. तापलेला धूर वर चढतो, फटींतून न जळलेल्या खोल्यांत शिरतो आणि थंड पृष्ठभाग सापडेल तेथे काजळीच्या रूपाने बसतो. लाकूड, कडबा किंवा पाचट जळाल्यास त्यातील लिग्निनपासून ग्वायाकॉलसारखी फिनॉल वर्गातील उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. प्लॅस्टिक आणि फोमची काजळी चिकट असते. विजेच्या तारांवरील पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, त्यामुळे पत्रे, नळ आणि भांडी काही दिवसांतच गंजू लागतात. गॅसवर दूध किंवा मटण करपून झालेल्या धुराचा थर तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. वास मात्र सर्वांत चिवट.

वासाचे मूळ हवेत नसून पृष्ठभागावरच्या या थरात असते, हे अमेरिकेतील एका प्रयोगात स्पष्ट झाले. कोलोराडो राज्यात ३० डिसेंबर २०२१ रोजी भडकलेल्या वणव्यात हजाराहून अधिक घरे भस्मसात झाली. ज्यांची घरे वाचली, त्यांनाही आतल्या वासाने राहणे नकोसे झाले. कोलोराडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका चाचणी-घरात मुद्दाम धूर सोडण्यात आला. खिडक्या उघडल्या किंवा हवा शुद्ध करणारे यंत्र लावले, की धुरातील वायूंचे प्रमाण उतरे. ते थांबवले, की पुन्हा चढे. पृष्ठभाग पुसून, धुऊन काढल्यानंतरची घट मात्र टिकली.

सफाईपूर्वी दोन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली सुरक्षिततेची. तारांची तपासणी जाणकाराकडून झाल्याशिवाय वीज सुरू करू नये. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असल्यास त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तडकलेले पत्रे कोरडे फोडू वा झाडू नयेत. दुसरी गोष्ट नोंदीची. छायाचित्रे आणि पंचनामा होईपर्यंत काहीही पुसू नये. विमा असेल, तर सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय काही टाकू नये. पंचनाम्यात जळालेले तेवढेच लिहिले जाण्याचा संभव असतो. धुरकटलेल्या खोल्या आणि सामान यांचीही नोंद आग्रहाने करून घ्यावी.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. मदतीला आलेली मंडळी सद्भावनेने बादल्या आणि ओली फडकी घेऊन भिंती पुसू लागतात. काजळीला पाणी लागताच तिची शाई होते आणि ती गिलाव्यात कायमची मुरते. म्हणून आधी कोरडी सफाई, तीही छतापासून खाली. केरसुणीने काजळी उडते. त्याऐवजी बारीक कण अडवणारी हेपा गाळणी असलेला व्हॅक्यूम क्लीनर, मऊ ब्रश किंवा काजळी टिपणारा रबराचा कोरडा स्पंज वापरावा. एन-९५ मुखपट्टी व हातमोजे घालावेत. लहान मुले, गर्भवती आणि दम्याचे रुग्ण यांना या काळात दूर ठेवावे. पाती पुसल्याशिवाय पंखा लावू नये.

त्यानंतर धुणे. कोमट पाण्यात भांड्यांचा द्रवसाबण किंवा धुण्याचा सोडा पुरेसा असतो. ॲल्युमिनियमवर मात्र सोडा चालत नाही. भिंत खालून वर धुवावी, म्हणजे काळे ओघळ उठत नाहीत. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पोटमाळा, कपाटांची पाठ, खणांची खालची बाजू, तसबिरींमागची भिंत, पत्र्यांच्या पन्हळी या जागा हमखास विसरल्या जातात. मातीच्या घराला येथे एक सोय आहे: धुरकटलेला वरचा लेप खरवडून नवा देता येतो. सिमेंटच्या गिलाव्याला तसे जमत नाही. भिंत पूर्ण वाळल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडालाखेचा हात द्यावा आणि मगच रंग काढावा. नुसत्या डिस्टेंपरमधून वास झिरपत राहतो. तुळया आणि दारे घासून घेतल्यावर त्यांनाही हाच उपाय लागू पडतो. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने काम चालू असताना घरात चूल वा समई पेटवू नये.

कपडे बाहेर झटकून धुवावेत आणि वास जाईपर्यंत त्यांना इस्त्री करू नये. उष्णतेने वास धाग्यात पक्का बसतो. गोधड्या दोन-तीन धुण्यांत सुधारतात. फोमच्या गाद्या टाकाव्याच लागतात. अवघड जाते ते धान्याचे. पोत्यातली वर्षाची ज्वारी टाकणे कोणाच्याही जिवावर येते, पण धूर शिरलेले धान्य, मसाले, प्लॅस्टिकच्या बरणीतील लोणचे आणि आगीची धग लागलेली औषधे ठेवू नयेत. तसे धान्य जनावरांनाही घालू नये.

धूप, ऊद, कापूर जाळणे म्हणजे धुरावर धूर चढवणे होय. फिनाईलने वास झाकला जातो, इतकेच. खाण्याचा सोडा आणि सक्रिय कोळसा काही अंशी वास शोषतात, पण थर निघाल्यानंतरच त्यांचा उपयोग. ओझोन सोडणारी यंत्रे वास मारण्यासाठी विकली जातात. तथापि ओझोन फुप्फुसांना घातक असल्याचा इशारा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिला आहे.

घरात राहणाऱ्यांचे नाक काही वेळातच सरावते, त्यामुळे स्वतःच्या नाकावर विसंबू नये. काम संपल्यावर एखाद्या उन्हाच्या दुपारी दारे-खिडक्या दोन-तीन तास बंद ठेवाव्यात आणि त्या घरात न राहणाऱ्या शेजाऱ्याला आत बोलवावे. त्याला वास आलाच, तर पोटमाळ्यापासून पुन्हा शोध सुरू करावा.