पाण्याखालचं गान्झे

सुरीनामचा नकाशा फोनवर उघडला आणि उपग्रहाचं चित्र लावलं, तर जवळपास सगळा देश हिरवा दिसतो. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येला असलेल्या या छोट्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन जंगलाखाली आहे. त्या हिरव्यात मध्येच एक काळपट डाग दिसतो. त्याच्या कडा विस्कटलेल्या आहेत आणि आत असंख्य बेटं आहेत. हा ब्रोकोपोंडोचा जलाशय. क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याच्या दुपटीहून जास्त. त्याच्या तळाशी सारामाका लोकांची डझनावारी गावं आहेत. गान्झे हे त्यांतलं एक मोठं गाव.

सुरीनाम म्हटलं की आपल्याला आठवतं ते १८७३ साली कलकत्त्याहून तिथे पोचलेलं ‘लल्ला रूख’ जहाज, आणि त्यानंतर करारावर गेलेले सुमारे चौतीस हजार भारतीय मजूर. हे मजूर न्यावे लागले, कारण १८६३ मध्ये तिथली गुलामगिरी संपली होती. सारामाकांची गोष्ट मात्र त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी सुरू होते.

डचांच्या उसाच्या मळ्यांवर राबवायला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून माणसं आणली जात. मळा आणि जंगल यांच्यात कुंपण नव्हतं, भीती होती. पळताना सापडलेल्याच्या टाचेची शीर कापत, दुसऱ्यांदा सापडला तर पाय. तरीही १६९० च्या सुमारापासून माणसं टोळ्याटोळ्यांनी पळू लागली. सुरीनाम नदीच्या वरच्या अंगाला, जिथे खडकाळ धावांमुळे मोठ्या होड्या चढत नाहीत, तिथे त्यांनी गावं वसवली. डच फौजा पाठलागावर येत, घरं आणि शेतं जाळत. मग लोक आणखी आत सरकत आणि पुन्हा पेरत. ‘दुर्गम’ हा शब्द आज आपण सरकारी अहवालात गैरसोय म्हणून वाचतो. या लोकांसाठी दुर्गमपणा हीच तटबंदी होती.

शेवटी थकले ते डच. सप्टेंबर १७६२ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर दुसऱ्याच वर्षी, वसाहतीच्या सरकारने सारामाकांशी तह केला. त्यांचं स्वातंत्र्य आणि त्यांचा मुलूख मान्य केला, ठरावीक काळाने माल पुरवण्याचं कबूल केलं. तहाला एक कडू अट होती: नव्याने पळून येणाऱ्यांना परत करायचं. तरीही देशातली गुलामगिरी संपण्याच्या एकशे एक वर्षं आधी ही गावं कायद्याने स्वतंत्र झाली.

त्या गावांतलं जगणं कसं होतं? शेती फिरती. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, काही हंगाम पिकवायचा आणि सोडून द्यायचा. रायगडातल्या दळीची आठवण व्हावी अशीच पद्धत. भात पावसावरचा. सारामाका सांगतात, पांझा नावाची स्त्री मळ्यावरून पळाली तेव्हा केसांत भाताचे दाणे लपवून घेऊन आली. पळालेल्यांच्या वंशातल्या बायका भाताच्या काही वाणांना आजही अशा पूर्वज स्त्रियांची नावं देतात. दुसरं पीक कसावा. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच, पण तिथला वाण कडू आणि विषारी. तो किसायचा, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरून ताणून पिळायचा, पीठ चाळून तव्यावर मोठी भाकरी भाजायची. मगच तो पोटात जातो.

कुळ आईकडून चालतं. बाईचं स्वतःचं घर असतं, स्वतःचं शेत असतं. गुलामगिरी संपल्यावर पुरुष किनाऱ्याकडे लाकूडतोडीला आणि होड्या हाकायला जाऊ लागले. महिनोन्‌महिने घरी नसत. गावाचा एक प्रमुख, सगळ्या सारामाकांचा एक ‘गामा’, आणि तंटे सोडवायला लांबलचक बैठका. नदी म्हणजे रस्ता, न्हाणीघर, मासळीबाजार, सगळं काही.

१९५८ साली सुरीनामचं सरकार आणि अमेरिकेच्या ‘अल्कोआ’ या अॅल्युमिनियम कंपनीची तिथली शाखा यांच्यात करार झाला. अॅल्युमिनियम वितळवणं हे विजेचं राक्षसी काम आहे. एक किलो धातूला साधारण पंधरा युनिट वीज लागते. म्हणून सुरीनाम नदीवर अफोबाका इथे धरण ठरलं. बहुतांश वीज कंपनीची, उरलेली राजधानी पारामारिबोची. फेब्रुवारी १९६४ मध्ये दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागलं. सुमारे सहा हजार माणसांना गावं सोडावी लागली. सारामाकांचा जवळपास निम्मा मुलूख गेला. झाडं तोडलीच नव्हती. आजही त्यांचे वाळलेले शेंडे पाण्याबाहेर उभे आहेत.

या काळात जगाचं लक्ष तिकडे गेलं खरं, पण प्राण्यांसाठी. बुडत्या जंगलातले स्लॉथ, हरणं, माकडं, मुंगीखाऊ असे सुमारे दहा हजार प्राणी एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने वाचवले आणि त्यावर पुस्तकही निघालं. ते काम चांगलंच होतं. गावांची पुरलेली माणसं, देवस्थानं, सोडलेली पण पुन्हा पिकवता येणारी शेतं यांच्यासाठी मात्र होडी आली नाही.

विस्थापितांची पुनर्वसन गावं सरळ रांगांत बांधली गेली. त्यांतलं ब्राउन्सवेख तर नदीवरही नाही. ते जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. बुडालेल्या गावांचे लोक तिथे शेजारी-शेजारी आले, आणि त्यांनी वस्त्यांना जुनीच नावं दिली. गान्झे आज असेल तर अशा एका वस्तीच्या नावात. धरणाने कारखाना आणि राजधानी उजळली, पण ज्यांच्या जमिनीवर पाणी उभं राहिलं त्यांना त्या विजेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. वरच्या अंगाच्या गावांत दिवे पेटत ते डिझेलच्या जनरेटरवर, संध्याकाळी काही तास, आणि तेही डिझेल पोचलं तर. रस्ता आत्योनीला संपतो, पुढे होडी. मुलं घरी सारामाका भाषा बोलतात, शाळा डचमध्ये. १९८६ ते १९९२ च्या यादवीत जंगलातल्या कित्येक शाळा आणि दवाखाने बंद पडले. १९९९ मध्ये अॅल्युमिनियमचा कारखानाही बंद झाला. म्हणजे ज्यासाठी गावं बुडवली ते काम पुरती चार दशकंही चाललं नाही.

‘मागासलेपण’ हा शब्द मला इथे अडतो. या गावांत जे नाही, ते कोणीतरी, एका विशिष्ट साली, करार करून काढून घेतलं आहे किंवा दिलेलं नाही. त्यांच्या गरिबीला तारखा आहेत.

१९९० च्या दशकात सरकारने उरलेल्या जंगलात लाकूडतोडीचे परवाने वाटले तेव्हा सारामाकांनी याच तारखा हातात घेतल्या. गावोगावचे प्रमुख एकत्र आले, शेतं, शिकारीच्या वाटा आणि पवित्र जागा यांचा नकाशा बनवला आणि २००० साली तक्रार आंतर-अमेरिकन मानवाधिकार यंत्रणेकडे नेली. अडचण अशी की ते तिथले आदिम रहिवासी नव्हते. आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज होते. मग जंगलावर सामूहिक हक्क कसा? याचं उत्तर त्यांच्या इतिहासात होतं. पूर्वजांच्या त्या काळाला ते ‘फेसी-तेन’, म्हणजे पहिला काळ म्हणतात. ते ज्ञान धोक्याचं मानतात. वडीलधारे ते पहाटे कोंबडा आरवताना, तुकड्यातुकड्याने, निवडक माणसालाच सांगत. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी त्यावर १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि पुढे या खटल्यात साक्षही दिली. जे ज्ञान शत्रूपासून लपवायचं, तेच न्यायालयात उघड मांडावं लागलं.

२८ नोव्हेंबर २००७ ला निकाल लागला. सारामाका हा स्वतंत्र संस्कृती असलेला समाज आहे, त्याची जमीन सामूहिक मालकीची आहे आणि तिथल्या मोठ्या प्रकल्पांना त्यांच्या रीतीने घेतलेली त्यांची संमती लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. लढ्याच्या दोन नेत्यांना, वान्झे एदुआर्ड्स आणि ह्युगो जबिनी यांना, २००९ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. निकालाने सांगितलेला जमीनहक्काचा कायदा मात्र त्यानंतर वर्षामागून वर्षं रखडत राहिला. २०२० च्या जानेवारीत कंपनीने अफोबाका धरण सरकारच्या हवाली केलं. धरणाची मालकी बदलायला एक करार पुरला. त्याखालच्या जमिनीचा १७६२ चा करार अजून कोणीतरी पाळायचा बाकी आहे.