जमीन वस्तीजोगी कशी ठरते?

एखादा मुलूख वसाहतीला योग्य आहे की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या मापाने? अमेरिकेने १८६२ साली याचे फार सोपे उत्तर काढले. १६० एकर घ्या, पाच वर्षे तेथे राहून जमीन कसा, ती तुमची. त्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळीच. पुढे १८७८ साली जॉन वेस्ली पॉवेल या संशोधकाने सरकारला बजावले की, पश्चिमेच्या रुक्ष प्रदेशात नुसते एकर मोजून भागणार नाही; पाटाचे पाणी असेल तर ८० एकर पुरतील, नुसती चराई असेल तर २५६० एकरही लागतील. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

मापाची ही चूक पाहायला इतके दूर जाण्याचे कारण नाही. ठाण्याच्या खाडीकाठचे करावे पुरेसे आहे.

आज करावे नवी मुंबईच्या इमारतींच्या गर्दीत शोधावे लागते. पण क्षणभर त्या इमारती पुसून टाका. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला खाडी, आणि मध्ये तिवरांनी भरलेला, भरतीला बुडणारा चिखल. या पट्ट्यात ज्या आगरी-कोळी घरांनी वस्ती केली, त्यांची परीक्षा कागदावरची नव्हती. उधाणाचे पाणी कोठवर चढते? गोड्या पाण्याची विहीर कोठे लागते? होडी कोठे लागेल? म्हणून घरे उंचवट्यावर बसली, आणि शेत मात्र समुद्राकडून मागून घ्यावे लागले.

हे मागून घेणे मोठ्या कष्टाचे. खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ नये, अशी ती योजना. पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुतले जाई. मग मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलात फेकायचे. रत्यासारखे तांबडे भात तेवढे तो खार सोसते. पण बांधाला एकदा खांड पडली की एका रात्रीत शेताचे पुन्हा खाजण होते, आणि मीठ धुऊन निघायला पुढे कित्येक पावसाळे जातात.

म्हणूनच खारी जमीन एकट्यादुकट्याला राखता येत नाही. अलिबागच्या खारेपाटात बांध राखण्यासाठी शेतकऱ्यांची ‘जोळ’ असे. कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची जुनी वहिवाट होती. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्यासाठी कुळाने बिघ्यामागे एक मण धान्य त्याला द्यायचे. पनवेलजवळच्या शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात तो शब्द अजून ऐकू येतो. शिलोत्रीदार सारेच प्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. पण जमिनीच्या किमतीत बांधाची देखभाल धरलीच पाहिजे, हे त्या वहिवाटीला ठाऊक होते.

इंग्रजांच्या मोजणीचा डोळा निराळा. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ साली इंदापुराकडे सुरू केलेल्या पद्धतीत मातीचा रंग, पोत, खोली पाहून सोळा आण्यांत तिची प्रत ठरे. देशावर हे शहाणपणाचेच होते. खाजणाची प्रत मात्र सोळा आण्यांत कशी लावणार? तेथे मातीपेक्षा बांध मोठा. म्हणून खाजण उठवण्यासाठी निराळे पट्टे निघाले: पहिली दहा वर्षे सारा माफ, पुढची वीस वर्षे एकरी आठ आणे, मात्र दहा वर्षांत निम्मी जमीन लागवडीला आली पाहिजे. अमेरिकेच्या पाच वर्षांच्या अटीची ही खारट बहीणच म्हणावी. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने हे काम सरकारी मंडळाकडे आले.

तिसरी पारख नगररचनाकारांची. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची गर्दी खाडीपलीकडे नेण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणि त्यात ९५ गावे, करावे त्यांपैकीच एक. मुंबईजवळ एवढी मोकळी जमीन दुसरी कोठली, हा विचार गैर नव्हता. पण ‘मोकळी’ या शब्दात बांध, मिठागरे, मासेमारीच्या जागा साऱ्या बुजल्या. शेतीचा मोबदला सातबारा पाहून ठरतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याची मिळकत खाडीत आहे, त्याचे काय मोजणार?

या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच, १९९० च्या दशकात, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना प्रत्यक्षात आली. तोवर पुष्कळांनी शेतीचे पैसे खर्चून टाकले होते.

एक गोष्ट मात्र या हिशेबातही सुटली. शेते गेली, गावठाण राहिले. पण घरातील मुलांची लग्ने झाली, बिऱ्हाडे वाढली, आणि गावठाणाची रेघ जागच्या जागीच. त्या रेघेबाहेर स्वतःच्या पूर्वीच्या शेतात बांधलेल्या घराला कागदात ‘गरजेपोटी बांधलेले घर’ असे नाव पडले. पहिल्या घरासाठी ज्यांनी उधाणाची रेघ ओळखून उंचवटा निवडला, त्यांच्याच नातवंडांना आपले घर कोणत्या रेघेच्या आत येते, हे पाहण्यासाठी कचेरीत नकाशा मागावा लागतो.