मोड

आमच्या लहानपणी साकोलीत ‘भंगार’ हा शब्द फारसा ऐकू येत नसे. शब्द होता ‘मोड’. गळका गुंड, चेपलेली परात, कान तुटलेली बटलोई फळीवर उपडी पडून असायची. कासार आला की ती तोलायचा, मोडीचे पैसे वजा करायचा आणि वरचे पैसे घेऊन नवं भांडं द्यायचा. पितळ घरातून जात नसे, रूप बदलून परत येई.

भंडारा म्हणजे पितळनगरी. ‘भाण’ म्हणजे पितळ, त्यावरूनच गावाचं नाव पडलं, असं लोक सांगतात. जुनी मोड भट्टीत वितळे, ओतली जाई, ठोकली जाई आणि पुन्हा कोणाच्या तरी चुलीशी येई. शेतकऱ्याला पितळ म्हणजे बँकच. धान बुडालं की गुंड गहाण पडे, पुढच्या हंगामात सुटे.

मग जर्मनची भांडी आली, मागून स्टील आलं. हलकं, ना चिंच लागे ना कल्हई. त्याला नावं कशी ठेवू? राखेनं फुटलेले मायचे हात मी पाहिले आहेत.

नोकरी लागली त्या वर्षी मी घर आवरायला काढलं आणि सगळी मोड हमरस्त्यावरच्या कबाड्याकडे नेली. रस्ता तेव्हा सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न म्हणतात. कबाड्यानं दोरीला बांधलेलं चुंबक फिरवलं. चिकटलं ते लोखंड एकीकडे. पितळ, तांबं, जर्मन दुसरीकडे. नोटा मोजून मी खुशीत घरी आलो.

संध्याकाळी आजीनं विचारलं, “माजा गुंड कोटी हाये बा?”

“इकला, आजी. गळत होता.”

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्याच्यावर माज्या बापाचं नाव होतं.”

लग्नात बापानं दिलेला गुंड. सकाळी धावत गेलो. जागा कमी लागावी म्हणून कबाड्यानं तो ठोकून चपटा केला होता. नावाची चार अक्षरं तेवढी दिसत होती. विकला त्याहून जास्त पैसे देऊन परत आणला. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “आता नेऊन दे. मोडीले जाऊ दे. कोनाचा तरी नवा गुंड होईल.”

मी नेला नाही. तो अजून फळीवर आहे. शेजारी तीन जुने मोबाइल आणि एक फुगलेली बॅटरी. १ मे २०१२ पासून असल्या वस्तू परत घेण्याची जबाबदारी कायद्यानं त्या बनवणाऱ्यांवर टाकली. पण गावात अजून कबाडीच जवळचा. कुठे तांब्यासाठी वायरी जाळतात, कुठे बॅटरी फोडून तेजाब मातीत ओततात. पावसात ते बोडीत उतरतं, बोडीतून धानात.

पितळ कोणाच्याही हाती गेलं तरी पितळच राहतं. या वस्तूंचं तसं नाही. त्या कोणाच्या हाती जातात, ते पाहावं लागतं. आजीला तिच्या गुंडाची पुढची वाट ठाऊक होती. फळीवरच्या त्या तीन मोबाइलांची वाट मला अजून शोधायची आहे.