टेम्प्लेटमधील अट आणि लूप

वेबसाइटच्या किंवा मोबाइल अ‍ॅपच्या पडद्याचा जो साचा लिहिला जातो त्याला टेम्प्लेट म्हणतात. त्यातला एखादा भाग दाखवायचा की नाही हे अट ठरवते. यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी तोच भाग पुन्हा मांडण्याचे काम लूप करतो. व्ह्यू या वेब चौकटीत यांसाठी व्ही-इफ आणि व्ही-फॉर अशा खास खुणा आहेत. २०१३ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टमध्ये जावास्क्रिप्टच्याच अटी आणि यादीवर फिरणारे मॅप हे फंक्शन वापरतात. रूप कोणतेही असो, एक नियम पाळावाच लागतो: टेम्प्लेटने हाती आलेली माहिती मांडावी, तिचा अर्थ स्वतः लावू नये.

या नियमाची कसोटी ठाणे-कल्याण लोहमार्गावर नीट लागते. ठाणे सोडल्यावर धीमी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणला पोहोचते. हे थांबे दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये लूप सात वेळा फिरेल. जलद लोकल यांतली बरीच स्थानके सोडते. म्हणून ‘गाडी जलद असेल तर दिवा गाळा’ अशी अट टेम्प्लेटमध्येच लिहिण्याचा मोह होतो. पण डिसेंबर २०१६ मध्ये काही जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या, आणि अशी अट त्याच दिवशी खोटी ठरली असती. थांबे प्रत्येक गाडीच्या माहितीतच असतील, तर वेळापत्रक बदलले तरी टेम्प्लेटला हात लावावा लागत नाही.

लूपमध्ये हाच दोष वेगळ्या वाटेने शिरतो. पहिली गाडी सुटली की खालची ओळ वर सरकते. ओळीची ओळख यादीतल्या तिच्या स्थानावरून धरली असेल, तर कसारा लोकलसाठी लावलेली आठवण कर्जत लोकलला जाऊन चिकटू शकते. ओळख गाडीच्या क्रमांकावरूनच धरायला हवी. नोव्हेंबर २०२३ मधल्या अँग्युलर या चौकटीच्या १७ व्या आवृत्तीतील नव्या लूपमध्ये अशी ओळख देणे सक्तीचे झाले. यादी रिकामी असताना काय दाखवायचे, यासाठीही त्यात वेगळी जागा आली. मात्र रिकामी यादी म्हणजे ‘गाडी नाही’ असे मानणे हासुद्धा अर्थ लावणेच होय. माहिती अजून येत आहे, मिळाली नाही, किंवा खरोखरच गाडी नाही, या तीन स्थिती माहितीबरोबरच कळवाव्या लागतात.

यावर एक आक्षेप असा की मग टेम्प्लेटमधून अटी काढूनच टाकाव्यात. २००९ मध्ये आलेल्या मस्टॅश या टेम्प्लेट-प्रणालीने ‘तर्कविरहित’ टेम्प्लेटचा आग्रह धरला खरा. पण त्यातलेही विभाग मूल्य असल्यास दिसतात आणि यादी असल्यास पुन्हा पुन्हा मांडले जातात. म्हणजे अट आणि लूप तिथेही टळलेले नाहीत. दुसरा आक्षेप छोट्या पडद्यांचा: दोन ओळींसाठी एवढी शिस्त कशाला? पण फलाटावरचा प्रवासी पडदा किती मोठा हे पाहत नाही, त्यावरच्या उत्तरावर विसंबून जिना चढतो. ‘गाडी नाही’ आणि ‘माहिती नाही’ यांतला फरक जो टेम्प्लेट दाखवत नाही, तो कितीही सुबक असला तरी सदोष आहे.